पायरीवरचा आवाज

"हेही गळलं," लेक म्हणाली आणि तिने बोटाएवढं पिवळं पडवळ बाबांच्या हातावर ठेवलं.

दिवेवाल्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. उभी हयात रस्त्यावरचे दिवे बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली, म्हणून गल्ली त्यांना दिवेवालेच म्हणायची. आपल्या गल्लीत एकही दिवा बंद दिसता कामा नये, हा त्यांचा बाणा. पण अंगणातल्या पडवळाच्या वेलापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. बायकोने डब्यात जपलेल्या बियांतल्या शेवटच्या बीचा हा वेल. एक तरी फळ धरून पिकलं तर पुढे बी मिळणार, नाहीतर तिच्या हातचं अंगणात काही उरणार नव्हतं. खत घालून झालं, पाणी कमीजास्त करून झालं, शेजाऱ्यांच्या फुकटच्या सल्ल्यांना तर तोटाच नव्हता.

कोपऱ्यावरच्या खांबाचा पांढराशुभ्र दिवा त्यांनीच अंगणाकडे वळवला होता. आजारी बायको संध्याकाळी पायरीवर बसून त्यांची वाट पाहायची. तिला अंधारात बसावं लागू नये, एवढंच. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "अहो, दिवा तिकडे फिरवा. माझे पाहुणे वाट चुकतात." पाहुणे म्हणजे पतंग. अंधारून येताना पडवळाची फुलं उमलली की ते येत आणि त्यांच्या मागावर वटवाघळं. आजारी माणूस काहीबाही बोलतं, म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

ती गेल्यापासून रोज दिवेलागणीला तेच वाक्य त्यांना पायरीवरून ऐकू येई. तिच्याच किंचित बसक्या आवाजात. त्यांच्या अंगावर काटा येई, पण आवाजाला जरा उशीर झाला की जीव कासावीस होई. लेकीला सांगायची सोय नव्हती. तिने हात धरून डॉक्टरकडे नेलं असतं.

गळलेलं पडवळ खिशात टाकून ते खांबाखाली झाडायला गेले. झाडूबरोबर पंखच पंख आले, राखाडी, तपकिरी, काही अजून फडफडणारे. खांबावरच्या पाली तेवढ्या गलेलठ्ठ झाल्या होत्या. दिवेवाले झाडता झाडता थांबले. फुलांकडे निघालेले पाहुणे इथे येऊन मरत होते आणि तिकडे वेल परागांसाठी ताटकळत होता. ती खरं तेच सांगत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ऊन उतरल्यावर त्यांनी शिडी काढली. लेकीने अडवलं. तिची ड्यूटी उशिरा सुटायची, काळोखात यायचं कसं?

"बंद नाही करत. रस्त्याकडे वळवतो, तुझी वाट उलट जास्त उजळेल."

"मग दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना. या वयात कशाला चढताय?"

"मीच वळवला होता, गं."

तिने पुढे होऊन शिडी धरली.

कित्येक वर्षांनी अंगणात अंधार पडला. दोघं पायरीवर बसले, दिवेवाले जरा कडेला, मधे जागा सोडून. फुलं पांढरी झालरच्या झालर उघडून बसली. बऱ्याच वेळाने एक पतंग आला, फुलापुढे थरथरत राहिला आणि त्याने आत सोंड घातली.

"बाबा, आला," लेक कुजबुजली.

त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मधल्या जागेकडे कान लावून बसले होते.

यथावकाश एक पडवळ धरलं, लांबलं, पिकून लाल झालं. बिया डब्यात गेल्या. पायरीवरून मात्र पुन्हा कुणी काही म्हणालं नाही. दिवा परत इकडे वळवावा, रागावून का होईना ती बोलेल, असं कितीदा तरी त्यांच्या मनात आलं.

शेवटी त्यांनी शिडी शेजाऱ्याला देऊन टाकली.