आखूड नळीची गोळी

आमच्या गावात बंदुकांचं दुकान एकच, आणि ते माझं. एकेचाळीस वर्षं मी लोकांना कुठल्या बंदुकीत कुठली गोळी घाला ते सांगत आलो. सल्ला फुकट असतो म्हणून लोक तो ऐकत नाहीत म्हणतात, माझा ऐकायचे. त्याचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

एलरॉय क्रेब्स माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू शाबूत राहिली, पण डावा पाय ओढत चालायचा आणि डाव्या हाताला जेमतेम जीव. डॉक्टरनी बजावलं होतं की हा हात रोज वापरलास तर राहील, टाकून दिलास तर गेला. हात वापरायला एलरॉयला कारण हवं होतं, आणि कारण एकच होतं. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो, आणि वयाच्या नवव्या वर्षापासून त्याने एकही चुकवला नव्हता.

लांब रायफल डाव्या हाताला पेलेना, नळीचं तोंड खाली झुकायचं. मग आम्ही दहा इंची नळीची हलकी रायफल ठरवली. एवढ्या आखूड नळीला सरकारची वेगळी परवानगी लागते. शेरीफच्या कचेरीत बोटांचे ठसे द्यायला मीच त्याला घेऊन गेलो. तिथल्या बाईने त्याच्या डाव्या हाताचं एकेक बोट उचलून शाईवर फिरवलं. एलरॉय भिंतीकडे बघत होता. परवानगीला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत तो शर्टाची बटणं स्वतः लावायला लागला, काटा धरायला लागला. त्याची बायको नोरीन मला म्हणाली, "हॉलिस, या बंदुकीच्या ओढीने माझा नवरा परत आणला बघ."

रायफल आली त्या दिवशी मी काउंटरवर काडतुसांचा डबा ठेवला. कडक गोळी, रानडुकराचं हाड फोडणारी. आमच्याकडे डुकरांचा सुळसुळाट, त्यामुळे वीस वर्षं मी सगळ्यांना हीच देत आलो.

एलरॉयने डबा फिरवून पाहिला. "नळी एवढीशी आहे रे. हिच्यातून ही चालेल ना?"

"डब्यावर काय लिहिलंय वाच. सेकंदाला तीन हजार फूट."

"ते त्यांच्या बंदुकीतून. माझ्या बुटकीतून किती?"

"आता तू मला शिकवणार?" मी हसलो. "झटका डोक्याला आला होता की जिभेला? घे आणि गप घरी जा."

तो हसला आणि डबा घेऊन गेला.

डब्यावरचा आकडा चोवीस इंची नळीतून मोजलेला असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण जन्मभर लांब नळ्या विकल्यामुळे तो आकडा मी देववाक्य मानत होतो. काडतुसातली दारू पूर्ण जळायला नळीची लांबी लागते. नळी आखूड झाली की वेग पडतो, आणि वेग पडला की कडक गोळी आत जाऊन उमलत नाही, म्हणजे नाक पसरून मोठी जखम करत नाही, सुईसारखी आरपार निघून जाते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे किंमत माझ्या बैलाने मोजली नाही, एवढंच.

डिसेंबरात एका सकाळी आम्ही दोघं त्याच्या कुरणाच्या कडेला मचाणावर बसलो. एक हरणी ओकच्या झाडाखाली आली, थोडी तिरकी उभी राहिली. अंतर शंभर पावलं. एलरॉयने डावा हात पुढे नेला, बोटं एकेक करून मिटवली, श्वास सोडला आणि चाप ओढला. हरणी दचकली आणि पळाली.

जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही, हा आमच्याकडे न लिहिलेला कायदा आहे. रक्त नावाला होतं. दर वीस पावलांवर एखादा थेंब, मग तोही नाही. चुनखडीच्या दगडांतून, सीडरच्या झुडपांच्या जाळीतून एलरॉय पाय ओढत चालला होता. मी म्हटलं, तू बस, मी शोधतो. तो थांबला नाही. दुपारी दोनला ती सापडली. जाळीत बसली होती, मान वर, जिवंत. आमच्याकडे बघत होती. मी पिस्तुलाने तिला संपवलं.

एलरॉयने टोपी काढली.

"हात हलला माझा," तो म्हणाला. "सहा तास तडफडली बिचारी."

तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

संध्याकाळी माझ्या गोठ्यात मी एकट्यानेच हरणी टांगून सोलली. गोळी खांद्यामागे बरोबर शिरली होती, जिथे शिरायला हवी तिथेच. एका फुफ्फुसातून पलीकडे गेली होती, आणि जाताना पाडलेलं भोक पेन्सिलीएवढं. आत शिरतानाचं आणि बाहेर पडतानाचं सारखंच. उमलली असती तर ती चाळीस पावलांत पडली असती. हात हलला नव्हता. हात अगदी खरा होता. खोटी होती ती माझी गोळी.

त्याच रात्री नोरीनचा फोन आला. "त्याने बंदूक पेटीत घातली. म्हणतोय, हॉलिसला सांग, विकून टाक."

सांगायचं तेव्हाच. जीभ उचलली असती तर काम झालं असतं. पण त्याने विचारलं होतं, आणि मी त्याला हसलो होतो. ही गोष्ट गावात फिरली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हणालो, "सीझन संपू दे, मग बघू."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. दुकानात तेवढ्याच नळीची एक रायफल होती. वेग मोजायचं यंत्र मांडलं. डब्यावरचे तीन हजार प्रत्यक्षात चोवीसशे भरले. मग पाण्याचे कॅन ओळीने लावून पाच तऱ्हेच्या गोळ्या मारून पाहिल्या. कुठली फुटून चुरा व्हायची, कुठली तशीच निघून जायची. शेवटी एक सापडली: मऊ नाकाची, मंद वेगालाही उमलणारी, तरी आतपर्यंत जाणारी. ती मला चौथ्या दिवशीच सापडली होती. पुढचे दिवस मी खात्री करत होतो असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी भीत होतो.

सीझनचे दोन दिवस उरले तेव्हा त्याच्याकडे गेलो. दोघं दुपारी जेवायला बसले होते. एलरॉयच्या ताटातलं सॉसेज नोरीन कापून देत होती. मी टेबलावर दोन गोळ्या ठेवल्या, पाण्यातून काढलेल्या. एक जशीच्या तशी, दुसरी फुलासारखी उमललेली. शेजारी नवीन डबा ठेवला आणि सगळं सांगितलं.

एलरॉयने दोन्ही गोळ्या उजव्या हाताने उलटसुलट केल्या. "कधी कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. "त्याच दिवशी. सोलताना."

नोरीनची सुरी थांबली. "तेवीस दिवस," ती म्हणाली. "तेवीस दिवस मी याच्या पाया पडतेय की हात हलव, हात हलव. आणि हा म्हणतो, कशाला? हॉलिस शेजारी होता. चूक हाताची नसती तर हॉलिस बोलला असता."

"नोरीन, राहू दे," एलरॉय म्हणाला.

त्याने उजव्या हाताने मांडीवरचा डावा हात उचलून टेबलावर ठेवला. बोटं आत वळली होती. डब्यातून एक काडतूस काढून त्याने त्या बोटांत सरकवलं आणि हाताकडे बघत राहिला. कपाळाची शीर फुगली. बोटं जागची हलली नाहीत. काडतूस निसटलं आणि गडगडत माझ्यापुढे आलं.

"या वेळी बरोबर निवडलीस, हॉलिस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आता ती कुणाला तरी दे, ज्याला हात आहे."