सतराव्या बादलीपर्यंत

मी चार वेळा भरले, तर साहेबांचा सव्वा तास वाचायचा आणि पेट्रोल पंपाच्या मालकांना ‘पाणी स्वच्छ’ असा कागद मिळायचा. सतरा वेळा भरले, तर दोघांनाही काही मिळायचं नाही. मामांचे खांदे तेवढे भरून यायचे. मित्रांनो, तुम्हीच सांगा, दोन वर्षं मी किती वेळा भरले असेन?

मी एक जुनी बादली आहे. पांढरी, दहा लिटरची, आतून लिटरच्या रेषा आखलेली. माझ्या बहिणी धुणंभांडी करतात. मी भूजल तपासणीच्या कामावर लागले.

पंपामागे निरीक्षण विहीर केली, तो माझा पहिला दिवस. विहीर म्हणजे जमिनीत उभा उतरवलेला, हाताचा पंजा जाईल एवढा पाइप. खालच्या भागाला बारीक चिरा. पंपाच्या टाकीतून पेट्रोल जमिनीत झिरपतं का, ते कळावं म्हणून. आत खोदकामाचा गाळ होता. पाणी उपसायच्या कामावरच्या मामांनी दांड्याला लावलेली रबरी चकती पाइपात वरखाली, वरखाली केली आणि गढूळ पाणी माझ्यात ओतलं. थांबायचं कधी? माझ्या तळाची रेषा पाण्यातून लख्ख दिसेल तेव्हा. विहीर तयार झाली की नाही, हे माझ्या पोटात डोकावून ठरलं. हे सांगताना अजून माझी कडी ताठ होते.

मग दर तीन महिन्यांनी नमुना. नियम असा, की पाइपात साचलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी आधी उपसायचं, मगच बाटली भरायची. या विहिरीचा हिशेब सतरा बादल्या. मामा दोरीला बांधलेल्या नळकांड्याने पाणी काढत. नमुना घ्यायला आलेले तपासणीचे साहेब पंपाच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसत, चौथ्या बादलीला “बास झालं, मामा” म्हणत आणि वहीत सतरा लिहीत. अक्षर फार सुरेख. उरलेल्या तेरा बादल्या ते पेनानेच उपसत.

कुंपणापलीकडे बेकरीवाल्या काकू राहत. त्यांचं सगळं घर अंगणातल्या विहिरीचं पाणी पीत असे. काकू विचारत, “मामा, चहाला वास येतो हो. तुमच्या कागदात काय आलंय?”

“कागदात सगळं ठीक आहे,” मामा खाली बघून म्हणत.

दोन वर्षांनी साहेबांना बढती मिळाली आणि त्यांच्या जागी बाई आल्या. चौथ्या बादलीला मामा सवयीने थांबले.

“का हो? वहीत तर सतरा आहेत,” बाई म्हणाल्या.

“वहीत आहेत. बादलीत कधी आल्या नाहीत.”

बाईंनी दोरीला स्वतः हात घातला. तेवढ्यात मालक आले.

“ताई, ऊन बघा किती आहे. चौथ्या बादलीतलं पाणी काय आणि सतरावीतलं काय?”

“साचलेलं पाणी शिळं असतं. त्यातलं पेट्रोल हवेत उडून जातं. तेच बाटलीत भरलं की अहवाल स्वच्छ येतो.”

“मग चांगलंच की.”

“अहवालासाठी. पिणाऱ्यासाठी नाही.”

नवव्या बादलीला वास सुटला. बाराव्या बादलीला माझ्यात सप्तरंगी तवंग उठला.

“मालक, वास येतोय ना?” मामांनी विचारलं.

“मला सर्दी झालीय.”

बाई तरीही थांबल्या नाहीत. सतरा म्हणजे सतरा. उपसलेलं सगळं झाकणाच्या पिंपात गेलं, थेंब जमिनीवर सांडू दिला नाही. मग काचेच्या छोट्या बाटल्या काठोकाठ भरून, पालथ्या करून, आत बुडबुडा नाही हे पाहिलं आणि बर्फाच्या पेटीत ठेवल्या. त्या दिवशी मी तिथेच उन्हात वाळत पडले होते, पण एखाद्या साक्षीदाराच्या थाटात.

अहवाल आला. टाकी गळत होती, आणि काकूंच्या विहिरीतही पेट्रोल पोचलं होतं.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर माझ्या रेषा पुसू देऊ नका, आणि जेवढं मोजाल तेवढंच लिहा. बाकी हिशेब असा: मालकांना टाकी उकरून नवी बसवावी लागली आणि काकूंकडे नळ आणून द्यावा लागला. मामांनी खरं लिहून दिलं, म्हणून त्यांना तीनदा चौकशीला उभं राहावं लागलं. साहेबांकडे खुलासा मागितला, तो त्यांनी सुरेख अक्षरात दिला. दोन वर्षांत आठ वेळा तेरा तेरा, अशा एकशे चार बादल्या उपसायच्या राहिल्या. त्यांची किंमत काकूंच्या घराने घोटाघोटाने चुकवली.