गाऱ्हाण्यातलं एक वाक्य

गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराण्याचा आणि माझा आवाज खणखणीत. या दोन्हींचा मला माज होता, हे आधीच कबूल करतो. नारळी पुनवेला तारकर्लीच्या अलीकडे, आमच्या वाडीच्या किनाऱ्यावर, नारळ हातात धरून मी देवाला हाक घालायचो आणि प्रत्येक वाक्यामागे अख्खी वाडी ओरडायची, "व्हय म्हाराजा!" मग नारळ दर्यात जायचा आणि रापण सुरू व्हायची. रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. दोराला हात लावील त्याला मासळीत वाटा, ही आमची रीत.

सत्तावन्न साली वाडीतलाच हरिश्चंद्र मुंबईची नोकरी सोडून आला आणि देवळामागे त्याने दल काढलं. पोरांना एकसारख्या टोप्या, हातात काठ्या, सकाळ-संध्याकाळ कवायत. देश एका धर्माचा आणि हुकूम एका माणसाचा, असं तो शिकवायचा. पुनवेच्या आदल्या दिवशी त्याने माझ्या हातात चिठ्ठी ठेवली.

"भिकाजीकाका, गाऱ्हाण्यात ह्यां एक वाक्य घाला. नायतर नारळ दुसरो कोणतरी धरीत."

चिठ्ठीत होतं, 'परधर्माचो हात आमच्या रापणीक लागाक देऊ नको रे म्हाराजा.'

वाडीत परधर्माचा म्हणजे एकटा कासम. पंचावन्न साली गोव्याच्या सत्याग्रहात हुकूमशाहीविरुद्ध घोषणा देत मी सरहद्द ओलांडली आणि मार खाऊन, पाय मोडून परतलो. तेव्हा सरहद्दीजवळच्या इन्सुलीपासून मला बैलगाडीत निजवून घरी आणणारा हाच कासम. ती चिठ्ठी मी चुलीत घालायला हवी होती. पण घराण्याचा मान जाईल म्हणून माझी पाचावर धारण बसली. मनाची समजूत घातली, की असलं वाक्य ऐकून लोकच अडतील.

मी वाक्य म्हटलं. वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!"

कोणी ऐकलंच नव्हतं. तोंडाला सवय. गर्दीच्या कडेला उभा असलेला कासमही ओरडला. चाळीस वर्षं तो तसाच ओरडत आला होता.

"ऐकलास मा?" हरिश्चंद्र हसला. "तेणां सवताच व्हय म्हटल्यान! देवासमोर दिलेलो शब्द आसा हो. आता मागे नाय."

दुसऱ्या दिवशी दलाच्या पोरांनी कासमच्या हातातून दोर काढून घेतला. बघत सगळे होते. बोललं कोणी नाही, कारण शब्द प्रत्येकाने दिला होता. कासम चिरेखाणीवर चिरे तोडायला जाऊ लागला. दर्यात वाढलेला माणूस संध्याकाळी लाल धुळीने माखून यायचा, आणि तो दिसला की मी वाट बदलायचो. मला माझी लाज वाटत होती. माझ्याच तोंडाने मी स्वतःला कोंडून घेतलं होतं आणि सोबत वाडीलाही.

शेवटी माझी बायको सुभद्रा म्हणाली, "शब्द देवासमोर गेलो, तो देवासमोरच मागे घेवक होयो."

"फुडल्या पुनवेक मी तां वाक्य गाळतंय."

"गाळल्यात तर नारळ हरिश्चंद्राकडे जातलो आणि तो तां म्हणात. तुमी म्हणा. वाडीन गप रवाचां."

मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती घरोघर फिरली. सगळीकडे एकच उत्तर मिळे: "माझ्या मनात नव्हतां गो. पण सगळे गप रवतले तर मी रवान. एकटी कशी रवू?" प्रत्येकजण असा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत अडकलेला. तेव्हा दुसऱ्या फेरीत पहिल्या घरी सुभद्रा चक्क खोटं बोलली, की शेजारचं घर कबूल झालंय. शेजारी जाऊन तेच सांगितलं. तिसऱ्या घरी तिला खोटं बोलावं लागलं नाही. हौसाबाईचा मुलगा बाळा दलात होता. ती म्हणाली, "माझ्या झिलाचां मी बघतंय."

अठ्ठावन्नच्या पुनवेला हरिश्चंद्र माझ्या पाठीशीच उभा राहिला. कासमला सुभद्राने हट्टाने बोलावलं होतं. पहिली वाक्यं झाली, वाडी ओरडली. मग मी ते वाक्य म्हटलं आणि थांबलो. एकाने जरी सवयीने तोंड उघडलं असतं, तर बाकीचे मागे गेलेच असते.

फक्त लाटा ऐकू आल्या. बाळाने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं.

"व्हय म्हाराजा!" हरिश्चंद्र ओरडला. एकटाच. पुन्हा ओरडला. मागे पोरं हसली.

मी आवाज चढवला. "दोराक जो हात लावीत, तेचो वाटो तेका मेळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले. मी कासमकडे पाहिलं. दोराचं टोक त्याच्या हातात होतं. तोंड मिटलेलं होतं.

त्याला सहा वर्षं झाली. कासम रापण ओढतो, वाटा घेतो, माझ्याशी हसून बोलतो. पण गाऱ्हाणं सुरू झालं की तोंड मिटून उभा राहतो. आणि मी दर वाक्यानंतर थांबून त्याच्या आवाजाची वाट बघतो.