चाळीस नंबरच्या चपला

गहिनीनाथला जग फक्त कमरेखालचं दिसत होतं. डावा डोळा अठरा वर्षांपूर्वी बोरीच्या काट्यानं नेला होता. उजव्यावर पाच दिवसांपासून वरून काळा पडदा उतरत होता, दुपारी दुकानदार शटर ओढतो तसा. राजूरच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "आतला पडदा सुटलाय. या मंगळवारी नगर गाठा. पुढचा मंगळवार मोजू नका."

नगरच्या बाहेर, नागापूरच्या अंगाला, सरकारनं डोळ्यांचं मोठं खास हॉस्पिटल बांधलं होतं. यंत्रं परदेशी, फरशी आरशासारखी, आणि पडद्याचा डॉक्टर एक. तो दर पंधरवड्याला मंगळवारी पुण्याहून यायचा, चाळीस पेशंट तपासायचा आणि बुधवारी ऑपरेशनं उरकून परत जायचा. एक्केचाळिसाव्याला पुढची तारीख मिळायची. डोळ्याला तारीख कळते, अशी सरकारची समजूत होती.

सकाळी सहाला फाटक उघडायचं आणि रांग लागायची. माणसांची नव्हे, चपलांची. आपापला जोड रांगेत ठेवायचा आणि लिंबाखाली बसून भाकरी सोडायची. सातला केसपेपरवाला परवेझ यायचा, जोड मोजायचा आणि प्रत्येक चपलेच्या अंगठ्यात नंबराची चिठ्ठी खोचायचा. दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही, हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून तो पाळला जायचा. तिथं खिसे कापले जायचे, पण चपलेची जागा कधी कुणी मारली नव्हती.

मुक्ताबाई, म्हणजे गहिनीनाथची बायको, चिठ्ठी घेऊन आली.

"एक्केचाळीस."

"म्हंजी?"

"म्हंजी घरी. म्हनलं हुतं मुक्कामी जाऊ. तर म्हनं, गाय कोन पिळंल! आता बसा गाय बघत. दिसली तर."

मुक्ताबाई रांगेच्या कडेनं 'ह्यो जोड कुनाचा, ह्यो कुनाचा' असं विचारत निघाली. एकोणचाळीस मालक सापडले. चाळिसावा सापडेना. चपला जुन्या होत्या, टायरच्या तळाच्या, पुढून झिजलेल्या.

"अवो, ह्या चाळीसचा मालकच न्हाई!"

"असा कसा न्हाई? उभाय की."

"कुठं?"

"चपलेत."

मुक्ताबाईनं चपलांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं, मग त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. गहिनीनाथला मात्र पाय लख्ख दिसत होते. टाचांना पांढऱ्या भेगा, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, वर पायजमा, आणि त्याच्या वर पडदा. एवढीच गोष्ट त्याला खटकली, की सकाळचं ऊन त्या पायांना न अडखळता पलीकडच्या फरशीवर पडत होतं.

मुक्ताबाई वाकली आणि चपला बाजूला सारायला गेली. चटका बसल्यासारखा तिनं हात मागं घेतला.

"गरम हायेत. आत्ताच काढल्यावानी."

"मावशी, हात नका लावू," परवेझ खिडकीतून ओरडला आणि बाहेर आला. "ज्ञानेश्वर म्हणून होता एक, बेलापूरचा. तीन वर्षं झाली. त्याचा नंबर लागला, पण सोबत नातेवाईक नव्हता. नातेवाईकाची सही असल्याशिवाय इथं पेशंट आत घेत नाहीत. म्हटलं, कुणाला तरी घेऊन या. तो म्हणाला, आणतो. जागा जाऊ नये म्हणून चपला ठेवल्या आणि अनवाणी हायवेकडं गेला."

"मंग?"

"मग गेला," म्हणत परवेझनं आभाळाकडं बोट केलं. गहिनीनाथला ते दिसलं नाही.

"कुनाकडं गेला?" त्यानं विचारलं.

"तेव्हापासून डॉक्टर यायच्या मंगळवारी चपला चाळिसाव्या जागेवर असतात," परवेझ म्हणाला. "कोण ठेवतं ते मला विचारू नका. मी जोड मोजतो. माणसं मोजायचा मला आदेश नाही. नर्स तीनदा चाळीस पुकारते, कुणी येत नाही, चाळीस भरले म्हणून साहेब उठतात."

"आरं मग तो नंबर आमाला दे की बाबा! त्याला आता डोळा काय करायचाय?"

"मालकाच्या संमतीशिवाय देता येत नाही, मावशी. संमती आणा, देतो."

परवेझनं हे खिडकीवर बसून बसून लागलेल्या सवयीनं म्हटलं होतं. गहिनीनाथनं ते मनावर घेतलं. तो चपलांपुढं उकिडवा बसला.

"राम राम पाव्हनं. मी राजूरचा गहिनीनाथ. माझा ह्यो एकच डोळा, त्योबी निघालाय. तुमचा नंबर मला द्या, माझा तुमी ठिवा. पंधरा दिसानं मी येतो आन् तुमचा नातेवाईक म्हनून सही करतो. शब्द हाय."

पाय हलले नाहीत. लिंबाखालची माणसं घास हातात धरून बघत होती. मग उजवा अंगठा सावकाश वर झाला आणि चिठ्ठी सुटून फरशीवर पडली. वारा नव्हता. पाय कुणाला दिसले नव्हते, चिठ्ठी मात्र सगळ्यांनी पाहिली. मुक्ताबाईनं आधी चिठ्ठी उचलली आणि मग हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा गहिनीनाथला बायको अख्खीच्या अख्खी दिसली.

"म्हातारी झालीस की गं!"

"तुमी पडदा पाडून बसल्यावर काय करनार?" असं म्हणून ती रडली.

पंधरा दिवसांनी तपासणीला निघताना मात्र तिनं एसटीत विषय काढला. "डोळा दाखवायचा आन् चारच्या गाडीनं माघारी. त्या चपलांच्या वाटंला जायचं न्हाई. मेलेला काय फिर्याद करनारे?"

"करनार न्हाई. म्हनून तर जायला पायजे."

डॉक्टरांनी डोळा पाहिला, पडदा छान बसलाय म्हणाले. गहिनीनाथ बाहेर आला. आता त्याला छत दिसत होतं, पंखे दिसत होते, भिंतीवरच्या सतरा सूचना दिसत होत्या. चाळीस नंबरच्या चपलाही दिसत होत्या. रिकाम्या. तो वाकला. "पाव्हनं?" काहीच नाही. चांगल्या डोळ्याचं पहिलं नुकसान त्याला तिथं कळलं.

"चाळीस!" नर्स ओरडली. "चाळीस! चाळीस!"

गहिनीनाथनं चपला उचलल्या. गरम होत्या.

"सोबत नातेवाईक कोण?" परवेझनं विचारलं.

"मी."

"नातं?"

"चुलतभाऊ लिव्ह."

परवेझनं लिहिलं, गहिनीनाथनं सही केली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा चाळीस नंबर उंबऱ्याच्या आत गेला.

डॉक्टर मान खाली घालून आधीच्या पेशंटचं लिहीत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. "बसा. हनुवटी इथं. कपाळ पट्टीला टेकवा."

गहिनीनाथनं चपला स्टुलापाशी ठेवल्या. स्टुलाची गादी हळूच खाली दबली. डॉक्टरांनी दिवा मालवला आणि यंत्राला डोळा लावला.

"वर बघा. खाली. डावीकडं. पापणी मिटू नका."

उजेडाची बारीक रेघ रिकाम्या हवेत इकडून तिकडं फिरत राहिली. मुक्ताबाईनं नवऱ्याची बाही घट्ट धरली होती.

"किती दिवस झाले हे?" डॉक्टरांनी विचारलं. कुणी बोललं नाही. डॉक्टर मात्र ऐकल्यासारखं "हं" म्हणाले. पुन्हा "हं". मग कागद ओढला आणि लिहिता लिहिता गहिनीनाथला फैलावर घेतलं.

"तुम्ही नातेवाईक ना? इतके दिवस काय करत होता? फार उशीर केलात. ॲडमिट करा, सकाळी बघू काय हाती लागतं ते. आणि चार दिवस सोबत राहावं लागेल."

गहिनीनाथनं बायकोकडं पाहिलं. चारची गाडी होती, गाय होती. मुक्ताबाईनं मान डोलावली.

"ऱ्हातो."

"वॉर्ड वरच्या मजल्यावर आहे. यांना पायऱ्या दिसणार नाहीत, हात धरून न्या."

गहिनीनाथनं हात पुढं केला. काही क्षण तो तसाच राहिला, आणि मग भार पडल्यासारखा जरा खाली गेला. मुक्ताबाईनं चपला उचलल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढं होऊन दार धरलं.

"दमानं या, भावजी," ती म्हणाली, "हितं उंबरा हाय."