शंभर टक्के उन्हावर

ऊन कलायला लागलं की सिस्टरचा जीव थाऱ्यावर राहत नसे. हातातलं बँडेज अर्धं असो की समोरच्या आजीबाईंचं गुडघेपुराण रंगात आलेलं असो, ती उठायची, फ्रिजमधल्या लसी निळ्या पेटीत भरायची आणि पेटीचा पट्टा खांद्याला लावून आरोग्य केंद्राच्या पायऱ्या उतरायची. रस्त्यापलीकडे तिच्या नणंदेचं दूध-कोल्ड्रिंकचं दुकान होतं. तिथल्या फ्रिजचा खालचा कप्पा लसींच्या पेटीसाठी राखून ठेवलेला असे. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं की पेटी परत केंद्रात. हे रोज चाललं होतं, आणि याला कुणाची परवानगी नव्हती.

नणंद तोंडाची फटकळ. पेटी दिसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. वहिनीने आधी भाऊ नेला, आता फ्रिज नेला, उद्या गल्ल्यावरही येऊन बसेल. गिऱ्हाईक थंड बाटली मागायला आलं तर त्याला काय गोवराची लस पाजू? पण कप्पा तिने कधी दुसऱ्या कशाला दिला नाही. एकदा दुधाची गाडी जास्तीचा माल टाकून गेली, तेव्हा तिने दूध नासू दिलं पण लसी हलवल्या नाहीत. आता तर तिचा स्वतःचा नातू लसीच्या वयाला आला होता. येत्या लसीकरणाला त्याला सगळ्यांत पुढे उभा करणार, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

केंद्रात फ्रिज नव्हता असं नाही. चांगला, नवाकोरा, पांढराशुभ्र फ्रिज होता. त्याला वीज नव्हती. आणि वीज का नव्हती, तर केंद्र शंभर टक्के उन्हावर चालत होतं.

देशाने साऱ्या जगापुढे संकल्प सोडला होता. आम्ही गरीब असू, हवेत धूर आम्ही फारसा सोडलेला नाही, पण तापलेली पृथ्वी आमचीही आहे आणि आमच्या वाट्याचं ओझं आम्ही उचलू. रेडिओवर ते भाषण ऐकताना सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उन्हाने भोवळ येऊन पडलेली माणसं तिच्याच केंद्रात आणली जात, पुराच्या पाण्याने आजारी पडलेली पोरं तिच्याच बाकावर झोपत. कुणीतरी काहीतरी करतंय, हे ऐकूनच तिला बरं वाटलं होतं. छपरावर पॅनल चढले त्या दिवशी तिने आपल्या पैशांनी कामगारांना चहा पाजला होता. आता त्या चहाची आठवण झाली तरी तिला स्वतःचाच राग यायचा.

पॅनल बसले ते रस्त्याकडच्या छपरावर. उद्घाटनाला येणाऱ्या गाड्यांतून दिसायला नकोत का, असं बसवणाऱ्यांनी सरळ सांगितलं. सकाळभर ऊन छपराच्या मागच्या उतारावर पडायचं, जिथे कबुतरांखेरीज कुणी नव्हतं. दुपारी ते पुढे यायचं, तर मध्ये रस्त्याकडेचं झाड.

झाडही संकल्पातलंच होतं. आधीच्या मंत्र्यांनी हरित मोहिमेत ते स्वतःच्या हाताने लावलं होतं आणि बुंध्याशी तसा दगड बसवला होता. झपाट्याने वाढणारी जात मुद्दाम निवडलेली, त्यामुळे निदान हे एक सरकारी काम वेळेआधी पुरं झालं. सकाळी त्याची सावली नणंदेच्या दुकानावर पडायची आणि दुपारी केंद्राच्या पॅनलवर. पक्षपात म्हणून नाही. सूर्य ऐन माथ्यावर असे तेवढाच वेळ केंद्राचा फ्रिज गुरगुरायचा, मग एक उसासा सोडून गप्प व्हायचा. बॅटरी मागून येणार होती, ती अजून येतच होती.

निदान जुनी वीज तरी ठेवायची. पण तार असली तर शंभर टक्के कसं म्हणणार? म्हणून तार कापून नेली. त्याच खांबावरून नणंदेच्या दुकानात वीज जात होती. सिस्टर संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात टाके घालायची, तेव्हा समोर कोल्ड्रिंकच्या पाटीवरचे दिवे लुकलुकत असायचे.

तिने उंबरे झिजवायचे तेवढे झिजवले. वनखात्यात एक सभ्य गृहस्थ होते, त्यांनी समजावून सांगितलं की हे झाड मोजलेलं आहे, ते किती धूर गिळतं हे जगाला कळवलेलं आहे, फांदी छाटली की देशाचा आकडा उतरणार. ऊर्जाखात्यातल्या बाईंनी सांगितलं की पॅनल मागच्या उतारावर नेले तर अहवालातला फोटो खोटा पडेल. वीज मंडळात तर तिला खुर्चीही मिळाली नाही. तार परत जोडायची म्हणजे देशाने संकल्पातून माघार घ्यायची, आणि ती काय आम्ही घ्यायची? प्रत्येक जण आपापल्या जागी अगदी बरोबर होता. त्याचाच तर तिला जास्त वैताग यायचा. कुणी चोर असता तर दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

केंद्रात झाडलोट करणारे मामा एकदा कोयता घेऊन झाडावर चढले आणि मधलीच एक फांदी उतरवली. त्याचं बक्षीस म्हणून सिस्टरला नोटीस आली. तेव्हापासून कोयता औषधांच्या कपाटात कुलपात होता.

अशात संकल्पसाहेब आले. त्यांचं खरं पद लांबलचक होतं, पण देशभरातले संकल्प तपासत फिरणारा अधिकारी म्हणून सगळे त्यांना तेच म्हणत. साहेब घामाघूम होते, दमलेले होते आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पॅनल पाहिले, झाड पाहिलं, मान हलवली. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा मान हलवलेली पाहून सिस्टरचा बांध फुटला. ती त्यांना म्हणाली, या माझ्याबरोबर, काय चाललंय ते दाखवते. पेटी खांद्याला लावून तिने साहेबांना भर रहदारीतून रस्ता ओलांडायला लावला आणि नणंदेच्या फ्रिजचं दार उघडून पेटी खालच्या कप्प्यात ठेवून दाखवली. वर रंगीत बाटल्या, खाली पोरांच्या लसी. तिला वाटलं, आता या माणसाला लाज वाटेल.

साहेबांनी वाकून खालचा कप्पा नीट पाहिला. मग त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

“तुम्ही हे रोज करता, सिस्टर?”

“रोज. दुसरा इलाज आहे का?”

“आणि या बाई काही घेत नाहीत?”

“माझं डोकं खातात,” सिस्टर म्हणाली. नणंदेने तिकडून जोरात नाक मुरडलं.

साहेब हसले. वरिष्ठांना सांगतो म्हणाले, काहीतरी नक्की करू म्हणाले, आणि जाताना त्यांनी दोघींना नमस्कारसुद्धा केला. त्या रात्री सिस्टर कितीतरी दिवसांनी स्वस्थ झोपली. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? ती म्हणाली, आज एक माणूस भेटला.

लसीकरणाच्या आदल्या दिवशी नेमकी तिला शहरात मीटिंगला बोलावलं. विषय होता उन्हाळ्यातली आरोग्यसेवा, आणि हॉल इतका गार केला होता की तिने पदर अंगभर लपेटून घेतला. मामांना तिने बजावून सांगितलं होतं, ऊन कललं की पेटी समोर. मामांनी ती चोख नेऊन ठेवली. त्यांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

सकाळी ती केंद्रात पोचली तर फाटकापाशी आया लेकरं घेऊन उभ्या होत्या. कुणी पायी आलेल्या, कुणी मजुरी बुडवून. तिने हात केला, आलेच म्हणाली, आणि पेटी आणायला रस्ता ओलांडला. दुकानाच्या पाटीवरचे दिवे बंद होते. वर छपरावर, रस्त्याकडच्या बाजूला, दोन नवे पॅनल चकचकत होते. चकचकत म्हणजे नवे म्हणून. ऊन त्यांच्यावर नव्हतंच. झाडाची सकाळची सावली गच्च पसरली होती. खांबावरून उतरवलेली तार कोपऱ्यात वेटोळं करून ठेवली होती.

नणंद गल्ल्यावर नव्हती, फ्रिजसमोर जमिनीवर बसली होती. आज तिच्या तोंडातून एकही टोमणा निघाला नाही.

“काल दुपारी पॅनलवाले आले,” ती म्हणाली. “फुकट आहे म्हणाले. तुमच्या वहिनींनीच नाव सुचवलंय म्हणाले. मी म्हटलं, वहिनीने सांगितलंय तर बसवा. मग संध्याकाळी तार कापली. मी ओरडले, तर म्हणाले, तुमचं दुकान आता केंद्राचा भाग आहे, तेही शंभर टक्के पाहिजे. बॅटरी मागून येणार आहे.”

“मला कळवायचं नाही का गं?”

“फोन लावला मी. किती वेळा लावला. तुझा बंद होता.”

मीटिंगमध्ये सगळ्यांचे फोन बंद करायला लावले होते, आणि रात्री शहरातच मुक्काम करताना तो सुरू करायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. सिस्टरने फ्रिजमधली पेटी काढून उघडली. बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं, कुप्या हाताला कोमट लागल्या, पेटीतला थर्मामीटर हवा त्याच्या कितीतरी वर चढला होता. तिने एक कुपी उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली. अशी लस टोचणं म्हणजे आईच्या पदरात नुसता धीर बांधून पाठवणं. ते तिच्याने होणार नव्हतं. नणंदेची सून नातवाला घेऊन मागच्या दारात उभी होती. पोराला नवं झबलं घातलं होतं.

सिस्टरला तळपायापासून राग चढत गेला, आणि सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःचा. तो फ्रिज उघडून दाखवायची काय गरज होती? चोरून चाललं होतं तोवर चालत होतं. लसी तिने नष्ट करायच्या म्हणून वेगळ्या डब्यात काढल्या, पेटी पुसली आणि रिकामी पेटी घेऊन बाहेर आली. आयांना काय सांगायचं हे अजून तिला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात गाडी थांबली. संकल्पसाहेब उतरले, त्यांच्यामागून एक फोटोग्राफर. साहेबांचा चेहरा मनापासून खुललेला होता, ढोंग त्यात कुठेच नव्हतं.

“सिस्टर, तुमचं काम वर पोचलं,” ते म्हणाले. “बिनइंधनाची लसवाहतूक, लोकसहभागातून शीतसाखळी. सगळ्या केंद्रांत हाच नमुना राबवायचं ठरतंय. पुढच्या जागतिक परिषदेत तुमचाच फोटो लागणार आहे. तेवढा रस्ता ओलांडून दाखवा, पेटी घेऊन.”

सिस्टरने पेटीचा पट्टा खांद्यावर सावरला. मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. तार, सावली, कोमट कुप्या, फाटकावरची लेकरं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “बॅटरीचं मी आजच बघतो, शब्द देतो. पण फोटो आज जायलाच हवा हो, सिस्टर.”

“साहेब, पेटी रिकामी आहे.”

“चालेल ना,” ते हळूच, जवळजवळ विनवणी केल्यासारखं म्हणाले. “फोटोत कुठे कळतंय?”

सिस्टरने खांद्यावरचा पट्टा काढला आणि साहेबांच्या खांद्याला अडकवला, नीट बसला की नाही तेही बघितलं.

“मग तुम्हीच ओलांडा,” ती म्हणाली. “मला त्या बायांना परत पाठवायचंय.”

फाटकाशी रांगेत सगळ्यांत पुढे नणंदेची सून येऊन उभी राहिली होती. सिस्टरने तिथूनच सुरुवात केली.