गाडीखाली आलेला ससा

कोलीन पोटुशी असताना तिच्या गाडीखाली ससा मेला, म्हणून लेस्याचा ओठ सशासारखा दुभंगला, हा निकाल कोलीनच्या सासूनं, स्टेफ्कानं, नात जन्मली त्याच दिवशी दिला. कॅनडातल्या आमच्या युक्रेनी गावात कुणाचं गव्हाचं पीक बुडालं तर लोक दोन वर्षांत विसरतात. हा ससा मात्र दर ईस्टरला टेबलावर हजर. कोलीन आयरिश, बाहेरची. तिचा नवरा ताटात बघायचा. मी शेजारीण, मला तिथे खसखशीचा रोल मिळतो, मत कुणी विचारत नाही.

लेस्याचा ओठ तान्हेपणीच शिवला होता. हिरडीतली फट राहिली. आता नऊ वर्षांची झाली, वरचा सुळा उतरायला आलेला, आणि त्याला उभं राहायला हाडच नाही. कमरेचं थोडं हाड काढून फटीत भरायचं, असं विनिपेगच्या सर्जनबाईंनी सांगितलं. उशीर झाला तर सुळा वाया जाणार. लेस्या मात्र तोंडच उघडेना. रडत्या मुलीला ओढून नेणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं. नंतर तोंड जपायचंय ते तिलाच.

विनिपेगला जायला गाडी माझी, म्हणून तपासणीच्या दिवशी मीही बाईंच्या खोलीत होते. घरात आणखी कुणाला असं होतं का, बाईंनी विचारलं.

"आमच्यात कुणाला नाही," म्हणत स्टेफ्कानं पुन्हा सशाची गोष्ट काढली.

कोपऱ्यात तिचा नवरा, वासिल आजोबा, बसले होते. ते उठले, नातीसमोर खुर्ची ओढून बसले, कवळी काढून टोपीत ठेवली आणि बोटानं मिशी वर केली.

ती मिशी मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. खाली जाड, वाकडी शिवण होती. आत हिरडीला खाच, करंगळी जाईल एवढी.

बाईंचं पेन हवेतच राहिलं. मी स्टेफ्काकडे पाहिलं. ती पांढरी पडली होती, पण चकित नव्हती.

"दात घाल," ती हळूच म्हणाली.

ते कोलीननंही ऐकलं. ती मटकन खाली बसली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

सासूनं पर्सची चेन उघडली, परत लावली.

लेस्या आजोबांच्या तोंडात डोकावत होती. "तुझ्या आईच्या गाडीखाली पण ससा आला होता?"

"गाडी कुठली गं," आजोबा बोबडं बोलले. "एक म्हातारा घोडा होता. त्याच्याखाली कासवसुद्धा आलं नसतं."

"मग तुझा सुळा?"

"पडला. हाड भरायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही."

लेस्यानं जरा विचार केला आणि बाईंकडे वळली. "डाव्या कमरेचं घ्या. गोल मी उजव्या पायानं मारते." मग तिनं तोंड उघडलं.

मी कोलीनला उठवायला गेले.

"मी परत गेले होते त्या सशाकडे," ती म्हणाली. "पुरलं त्याला. माफी मागितली."