मार्थाचा मुलगा

सूप मांडीवर ठेवून तुळसाबाईनं कान दिला. भिंतीपलीकडे गंगूबाई रडत होत्या आणि त्यांच्याबरोबर आणखी कुणीतरी नाक ओढत होतं. ते नाक ओढणं तिच्या ओळखीचं होतं. निवडायची डाळ तशीच टाकून ती थोरल्या जावेच्या घरात गेली.

कूलरसमोर चटईवर तिची लेक वैष्णवी पुस्तक उघडून बसली होती. गंगूबाईंचा हात तिच्या गुडघ्यावर होता.

"काय झालं वो बाई?"

"काही नाही वं," गंगूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "मार्थाचं पोरगं तापानं फणफणून राह्यलं. एकटीच बसली बिचारी, तिच्या देवाले हात जोडून."

"पुस्तकातलं?"

"हो. पुस्तकातलंच."

वैष्णवी अकोल्याला नर्सिंग शिकत होती. होस्टेलमधल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीनं सुट्टीत वाचायला म्हणून ती जाड कादंबरी दिली होती. मार्था मिशनच्या दवाखान्यातली नर्स. चर्चच्या पायरीवर सापडलेलं बाळ तिनं वाढवलेलं. त्यांच्या मेडशी गावात मे महिन्याच्या दुपारी बाहेर पाय ठेववत नव्हता. जेवणं झाली की वैष्णवी पुस्तक घेऊन मोठ्या मायकडे जायची, कारण गंगूबाईंना वाचता येत नव्हतं.

वैष्णवी सहा महिन्यांची असताना तुळसाबाईला टीबी झाला होता. ती वर्षभर माहेरी होती आणि लेकरू जावेकडे. गंगूबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. पोरगी पहिल्यांदा 'माय' म्हणाली ती त्यांनाच. घरात ही गोष्ट कौतुकानं सांगितली जाई, आणि तुळसाबाई हसून ऐकत असे.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना ती वैष्णवीला म्हणाली, "मलेही वाचून दाखवत जाय कधी."

"तुले आवडन का? तूच त म्हणते, पुस्तकात डोकं घालून बसू नको."

ती तसं म्हणायची, हे खरंच होतं. तुळसाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

सुट्टीचे चार दिवस उरले असताना पुस्तक नाहीसं झालं. तुळसाबाईनं ते धान्याच्या कोठीमागे ढकललं होतं. वैष्णवीनं दोन्ही घरं पालथी घातली. तुळसाबाईनंही तिच्यासोबत गाद्या झटकल्या, फडताळं पाहिली. कोठीपाशी येताच वैष्णवीनं आईकडे एकदा पाहिलं आणि शोधणं थांबवलं.

अकोल्याची एसटी लागली तेव्हा ती गंगूबाईंच्या गळ्यात पडून रडली. आईच्या ती पाया पडली.

दुसऱ्या दिवसापासून तुळसाबाई ते पुस्तक वाचू लागली. सातवीनंतर तिनं पुस्तक हातात धरलं नव्हतं. शब्दांखाली बोट ठेवत, ओठ हलवत तिला आठ दिवस लागले. तापाच्या प्रकरणाशी तिचेही डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला. शेवटी मुलाची खरी आई त्याला शोधत आली. मार्थानं प्रार्थना केली आणि मुलाचा हात त्या आईच्या हातात दिला. मुलगा गेला. वळणावर त्यानं मागे पाहिलं नाही.

ते पान तिनं दोनदा वाचलं. मग पदर सारखा करून ती पलीकडे गेली.

"पुस्तक सापडलं बाई. कोठीमागं पडलं होतं. शेवट वाचून दाखवू?"

गंगूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी तिच्यासाठी चटई अंथरली. तुळसाबाईनं अडखळत, पण एकही शब्द न गाळता वाचलं. 'त्याने मागे वळून पाहिले नाही' इथं ती थांबली.



"वैष्णवीनं त दुसरंच सांगतलं होतं," गंगूबाई म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशी. म्हणे, मीनं हे आधीच वाचलं, पुस्तक नसलं तरी सांगतो तुले. पोरगा स्टेशनावरून वापस येते म्हणे. मले दोन माया आहेत, म्हणते." त्यांनी लुगड्याची चुणी बोटानं सपाट केली. "इसरली असन. लेकरू आहे."

तुळसाबाईनं चटईकडे पाहिलं. याच चटईवर बसून पोरीनं तो शेवट रचला असेल. आपल्यासाठी तिनं कधी असं काही रचलं होतं का, ते तिला आठवेना. गंगूबाई अजून लुगड्याची तीच चुणी सपाट करत होत्या.

तुळसाबाईनं बोट ओलं करून पान उलटलं. पलीकडे दुसऱ्या पुस्तकांची यादी होती.

"थांबा," ती म्हणाली. "अजून आहे."

यादीवर बोट ठेवून ती सावकाश वाचू लागली. "गाडी सुटायची वेळ झाली. मुलाने... मुलाने आईचा हात सोडला. तो धावत मागे आला. मार्थाला म्हणाला..." तिचं बोट अडलं. "मार्थाले म्हणाला, मले दोन माया आहेत."

गंगूबाईंनी तिच्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उठून त्यांनी माठातलं पाणी आणलं आणि गडवा तिच्यासमोर ठेवला.

"पानी पे," त्या म्हणाल्या. "अन् पुढचं वाच."